पाठवायचे पैसे, ओढायचे पैसे

मुश्ताकभाई खोतांनी मला भर बसमध्ये, तीस माणसांसमोर, "तुम्ही बँकवाले सगळे एका माळेचे मणी" असं सुनावलं, तेव्हा मीही गप्प बसले नाही. एक तर मी बँकवाली नाही. रास अल खैमातल्या टाइल्सच्या फॅक्टरीत मी परदेशी पेमेंटं बघते. स्पेनहून टाइल्सना चकाकी देणारा ग्लेझ येतो, इटलीहून मशिनचे सुटे भाग येतात, त्यांचे पैसे युरोत पाठवायचे, एवढंच माझं काम. दुसरं म्हणजे, त्या दिवशी चिडायचा हक्क माझाही होता. चूक त्यांनी केली होती, थोडी मीही केली होती, आणि भोगत होती ती त्यांची मुलगी यम्ना. तेवीस वर्षांची पोर, एकटी जर्मनीत.

मुश्ताकभाई श्रीवर्धनकडचे. सव्वीस वर्षं आखातात, त्यातली चौदा आमच्या डिस्पॅचला. कंटेनर भरताना हा माणूस खोक्यावर नुसती टिचकी मारतो आणि सांगतो, आतली टाइल तडकलीय, काढ ती पेटी. एकदा बंगलोरहून आलेल्या मॅनेजरनं हसून ती पेटी उघडायला लावली. आत चार टाइल्स फुटलेल्या. त्यानंतर मॅनेजर डिस्पॅचच्या शेडकडे फिरकला नाही.

आम्ही दोघं राहतो शारजात, अल नहदाला. पहाटे साडेपाचला कंपनीची बस निघते, सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. नऊ वर्षं मी त्यांच्या मागच्या सीटवर बसतेय. माणूस प्रेमळ. खैरुन्निसाभाभींनी केलेल्या सांदणांतली दोन रोज माझ्या डब्यात पडतात. पण एका बाबतीत त्यांच्याइतका हट्टी माणूस मी कराडपासून इथपर्यंत पाहिला नाही. ते कुठल्याही पुढच्या तारखेच्या कागदावर सही करत नाहीत.

इथं राहणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. इथं घर भाड्यानं घ्यायचं तर वर्षाचे चार चेक, पुढच्या तारखा घालून, आधीच मालकाच्या हवाली करायचे. मुश्ताकभाई चेक देत नाहीत. म्हणून महिन्याच्या महिन्याला रोख भाडं घेणारा एक वात्रट मालक त्यांनी शोधलाय, आणि तो बाजारभावापेक्षा पाचशे दिरहम जास्त घेतो. पाचशे म्हणजे बारा हजार रुपये. दर महिन्याला. फोन प्रीपेड. टीव्ही हप्त्यावर घेतला नाही, गाडी घेतलीच नाही. लाइटबिल भरायला स्वतः मशिनपाशी उभे राहतात, नोटा एकेक करून आत सरकवतात. कोणी काही बोललं की म्हणतात, "माझा पैसा माझ्या हातानं जाईल. कोणी येऊन ओढून नेणार नाही."

ओढून. हा त्यांचा शब्द. त्यांच्या लेखी जगात पैशाचे दोनच प्रकार आहेत: पाठवायचे आणि ओढायचे. आपण पाठवतो तो इज्जतीचा, दुसरा ओढून नेतो तो बेइज्जतीचा.

यम्ना गेल्या वर्षी सिरॅमिक इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला जर्मनीला गेली. बापानं चौदा वर्षं तयार फरश्या उचलल्या, पोरगी त्या भाजायचं शास्त्र शिकायला निघाली. मुश्ताकभाईंनी अख्ख्या बसला मिठाई वाटली. आणि एअरपोर्टवर, पासपोर्ट कंट्रोलच्या दोरीपाशी, पोरीला आजीची कसम घातली: तिकडे काही झालं तरी खात्यातून पैसे ओढायची परवानगी कोणाला द्यायची नाही. कसली तरी सही मागितली तर अब्बांना विचारायचं. पोरीनं कसम घेतली. तिला तरी काय माहीत, की तिथं घरभाडं, फोन, विमा, जिमसुद्धा त्या एका सहीवरच चालतं.

तिथं विद्यार्थ्याला आरोग्यविमा सक्तीचा. महिन्याला एकशे अठ्ठेचाळीस युरो, म्हणजे सहाशे तीस दिरहम, म्हणजे पंधरा हजार. विमा कंपनी म्हणाली, डायरेक्ट डेबिटचा फॉर्म भर, आम्ही तुझ्या खात्यातून दर महिन्याला घेऊ. यम्नानं कसम आठवून नाही म्हटलं. मुश्ताकभाई म्हणाले, "मी इथून पाठवतो. थेट त्यांना. बाप मेलाय का?"

आणि इथं माझं शहाणपण आडवं आलं. पहिलं ट्रान्सफर त्यांना मीच करून दिलं. बसमध्ये, माझ्या मांडीवर त्यांचा फोन ठेवून, मनी एक्स्चेंजच्या ॲपवर. वाटेतल्या बँकांचा खर्च कोणी भरायचा, असा एक रकाना असतो. सगळा पाठवणाऱ्यानं, की दोघांत वाटून. सगळा आपण भरायचा तर साठ-सत्तर दिरहम वर पडत होते. मी म्हटलं, कशाला उगाच, वाटून ठेवू. ऑफिसात लाखांची पेमेंटं करताना मी हा रकाना तीनदा तपासते, आणि गरिबाचे सत्तर दिरहम वाचवताना आंधळी झाले. एकशे अठ्ठेचाळीस निघाले, वाटेत दोन बँकांनी आपापला घास घेतला, आणि तिथं पोचले एकशे एकोणतीस. पुढच्या महिन्यांत ते काउंटरवर जाऊन तसंच करत राहिले. त्यांचा हिशेब सरळ, मनालीताईंनी दाखवलंय म्हणजे बरोबरच असणार.

दुसरी चूक त्यांची. आणि ही चूक फक्त आखातातला आपला माणूसच करू जाणे. काउंटरवरचा क्लार्क विचारतो, पैसे कशासाठी? आपला माणूस झोपेतसुद्धा उत्तर देतो, फॅमिली मेंटेनन्स. घरखर्च. बहिणीचं लग्न, फॅमिली मेंटेनन्स. मशिदीचं छप्पर, फॅमिली मेंटेनन्स. बोअरवेल, आईचं ऑपरेशन, भाच्याची रिक्षा, सगळं फॅमिली मेंटेनन्स. हे दोन शब्द म्हटले की पुढचे प्रश्न येत नाहीत, ही सव्वीस वर्षांची शिकवण. विमा कंपनीनं लिहून कळवलं होतं, संदेशाच्या जागी यम्नाचा विमा क्रमांक लिहा. मुश्ताकभाईंनी प्रत्येक महिन्याला लिहिलं, फॅमिली मेंटेनन्स. तिथल्या त्या जर्मन कारकुनानं काय समजायचं? रास अल खैमातला कोणी एम. खोत आपल्या कंपनीला घरखर्चाला पैसे पाठवतोय?

चार महिने कोणाच्याच नावावर न लागलेले ते पैसे तिथं पडून राहिले. यम्नाच्या नावापुढं शून्य. जर्मनमध्ये पत्रं आली, तिनं बापाला पावत्यांचे फोटो मागितले, बापानं पाठवले, कंपनी म्हणाली, आमच्याकडे असं काही नाही. पाचव्या महिन्यात शेवटचं पत्र आलं: पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत सगळी थकबाकी, दंडासकट सहाशे चाळीस युरो, भरली नाही तर विद्यापीठाला कळवू. विद्यापीठाला कळवलं की नाव कमी. नाव कमी झालं की व्हिसा. इतक्या महिन्यांची मेहनत, बापाचं सगळं साठवलेलं, आणि पोरगी परत विमानात.

बसमधलं भांडण झालं ते या पत्रावरून. गुरुवारी पहाटे. त्या शुक्रवारला आठ दिवस होते.

"मुश्ताकभाई, तिला त्या फॉर्मवर सही करू द्या," मी म्हणाले. "आणि पैसे तिच्या खात्यात पाठवा, कंपनीला नाही. खर्च सगळा आपण भरायचा, म्हणजे पूर्ण पोचतील. मग ते त्यांचे त्यांनी घेतील. त्यांनी स्वतः घेतले की नंबर चुकत नाही, रक्कम चुकत नाही."

"म्हणजे ओढतील."

"हो, ओढतील! ओढू देत! तुम्ही ऐका तरी. तुम्ही पाठवलेले पैसे एकदा गेले की गेले, परत आणायचे तर नाकदुऱ्या काढाव्या लागतात. तिकडचा डेबिटचा कायदा उलटा आहे. आठ आठवड्यांच्या आत आपण बँकेला नुसतं म्हटलं, मला मान्य नाही, तर पैसे परत. कारण विचारत नाहीत. तुम्ही ज्याला सेफ समजता ना, ते अनसेफ आहे, आणि ज्याला घाबरता ते—"

"मॅडम." एरवी ते मला ताई म्हणतात. "रापण बघितलीय कधी? जाळं पाण्यात, दोर किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात. मासळीला आठ आठवडे देतात का, मान्य नाही म्हणायला? दोर ज्याच्या हातात, त्याचा कायदा. तुम्ही बँकवाले सगळे एका माळेचे मणी."

मी म्हटलं, मासळी शिकायला जर्मनीला जात नाही. पुढं आणखीही बरंच बोलले. पालथ्या घड्यावर पाणी, हट्टापायी पोरीचं वाटोळं कराल, असलं सगळं. ड्रायव्हरनं रेडिओ मोठा केला.

दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. उभ्यानंच बोलले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या हट्टामागची गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली. दोन हजार नऊ. मंदी. त्यांच्या दोस्तानं कर्ज काढलं होतं, जामीन म्हणून यांचा चेक. सिक्युरिटी चेक, सही केलेला, रक्कम कोरी, तारीख कोरी. "नुसता फाइलमध्ये राहील, हबीबी, कोण वापरणार आहे," असं म्हणणारा दोस्त एका रात्रीत गाडी एअरपोर्टवर सोडून पळाला. बँकेनं चेकवर आकडा घातला, तारीख घातली, आणि वटवायला टाकला. खात्यात तीन हजार, चेक एक लाख वीस हजारांचा. बाउन्स. त्या काळी बाउन्स म्हणजे पोलीस केस. घरून उचलून नेलं. एक्केचाळीस दिवस आत. सुटल्यावर सात महिने देशाबाहेर जायला बंदी, आणि त्या सात महिन्यांत श्रीवर्धनला आई गेली.

"माती द्यायला पोचलो नाही," ते म्हणाले. "एका सहीपायी. आणि तुम्ही म्हणता पोरीला सही करू द्या."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो हे खरं. पण इथं ताक पोरीला प्यायचं होतं आणि घसा तिचा सुकत होता. मी आवाज खाली आणला. म्हटलं, मुश्ताकभाई, हा चेक नाही. तिथं खात्यात पैसे नसले तर डेबिट परत जातं, पाच-सात युरो दंड लागतो, आणि एक पत्र येतं. बस. उद्या शुक्रवार, हाफ डे. तेव्हा तिच्या खात्यात पैसे पाठवा, सोमवारी पोचतील. आणि तिला कसमेतून मोकळं करा. कराल ना?

त्यांनी खिडकीबाहेरच्या लोडिंगकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "इन्शाल्ला."

नऊ वर्षं! नऊ वर्षं या देशात काढली मी. मेकॅनिक इन्शाल्ला म्हणाला की दुसरा मेकॅनिक शोधायचा, हे मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. कधी त्याचा अर्थ मनापासून हो, कधी बघू, आणि कधी विषय आता खलास. चेहरा बघून ओळखायचं असतं. मी चेहरा बघितलाच नाही. मला हो ऐकायचं होतं, मी हो ऐकलं. आणि संध्याकाळी घरी जाऊन यम्नाला फोन केला: सही कर बाळा, अब्बांनी हो म्हटलंय, पैसे सोमवारी तुझ्या खात्यात येतायत.

"आर यू शुअर, आंटी? ही सेड येस?"

"शंभर टक्के."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं त्याच रात्री ऑनलाइन सही केली.

आणि मुश्ताकभाई शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर थेट एक्स्चेंजमध्ये गेले. सहाशे चाळीस युरो. सत्तावीसशे पन्नास दिरहम, पासष्ट हजार रुपये. खर्च सगळा स्वतः भरला, तेवढं माझं ऐकलं. विमा क्रमांकही या वेळी पाठ करून गेले. पण पाठवले कोणाला? विमा कंपनीला. स्वतःच्या हातानं. आणि क्लार्कनं विचारलं, कशासाठी, तर तोंडातून आलं तेच, फॅमिली मेंटेनन्स. एवढी मोठी रक्कम, घेणारी जर्मन कंपनी, आणि कारण घरखर्च. सिस्टिमनं ते ट्रान्सफर चौकशीसाठी अडवून ठेवलं. ना इकडे, ना तिकडे. कोणी फोन करून सांगितलंही नाही. ॲपवर एक बारीक पिवळा ठिपका, तो या वयाच्या माणसाला दिसणार कसा? पैसे घेताना मात्र काउंटरवर चार जण हसतात.

सोमवारी विमा कंपनीनं यम्नाच्या खात्याला हात घातला. खात्यात नव्वद युरो.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी डिस्पॅचच्या शेडमध्ये गेले होते, पैसे पोचले का विचारायला. मुश्ताकभाई पॅलेटवर बसून डबा खात होते. मला बघून म्हणाले, "पाठवले, ताई. कंपनीला. माझ्या हातानं." मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात भाताचे होते, म्हणून त्यांनी करंगळीनं स्पीकर लावला.

"अब्बा," यम्ना म्हणाली. "इट बाउन्स्ड."

मुश्ताकभाईंचा घास हातात राहिला.

"काय बाउन्स झालं?"

"द डेबिट. आय साइन्ड इट. मनाली आंटी सेड यू सेड येस. देअर वॉज नो मनी, अब्बा. बँकेचा मेसेज आलाय. रिटर्न्ड अनपेड." ही पोरगी शारजात वाढलेली, आईबापांनी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देणारी. ती एकदम लहान आवाजात, मराठीत म्हणाली, "अब्बा, आता पोलीस येतील का?"

मी कोणाकोणावर चिडले होते त्याची यादी करता आली असती. बँका, तो रकाना, तो ठिपका, पळालेला दोस्त, समोर बसलेला हा हट्टी माणूस, आणि सगळ्यांत वर मी. मी फोनवर ओरडलेच, "नाही येत गं! कोणी येत नाही! पाच युरोचा दंड आहे फक्त!"

मुश्ताकभाईंनी हात वर करून मला गप्प केलं. तसाच भाताचा हात. मग फोनकडे वाकून म्हणाले, "यम्ना. ऐक. तू सही केलीस ते बरोबर केलंस. मी हो म्हटलं होतं."

धडधडीत खोटं. माझ्याकडे न बघता बोलले.

"दार लावून बस... नको, बसू नको, फिरायला जा," ते म्हणाले. "कोणी येणार नाही. पैसे आज तुझ्या खात्यात पाठवतो. तुझी कसम मी सोडवली. जे ओढायचं ते ओढू दे त्यांना."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा शिफ्ट मध्येच सोडली. टॅक्सी करून एक्स्चेंजला गेलो. तिथं मी जे काही तोंडसुख घेतलं ते सांगण्यासारखं नाही. काउंटरवरची मुलगी बिचारी केरळची, तिचा दोष नव्हता, तरी तिनं ऐकून घेतलं आणि मॅनेजरला बोलावलं. पैसे देशाबाहेर गेलेच नव्हते, हे एक नशीब. अडवलेलं ट्रान्सफर रद्द झालं, तासाभरात रक्कम परत मिळाली, आणि तीच रक्कम पुन्हा निघाली, यम्नाच्या खात्यात, खर्च सगळा आपला. कारण विचारल्यावर मुश्ताकभाई अडखळले. मग म्हणाले, "एज्युकेशन."

गुरुवारी सकाळी पैसे पोचले. यम्नानं थकबाकी स्वतःच्या खात्यातून विमा कंपनीला पाठवली. युरोतून युरोत, दहा सेकंदांत पोचली. एक सेंट कोणी खाल्ला नाही. दुपारी कंपनीचं उत्तर आलं: नाव सुरक्षित, विद्यापीठाला कळवणार नाही, पुढच्या महिन्यापासून डेबिट.

हे सांगायला तिनं फोन केला तेव्हा आम्ही परतीच्या बसमध्ये होतो. मुश्ताकभाईंनी अल्लाचे आभार मानले, माझ्याकडे वळून हसले, आणि मला वाटलं, चला, संपलं. पण ते फोन ठेवेनात. खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात बोलू लागले. मागच्या सीटवर मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, तिचं नाही.

"यम्ना, तू पोलिसांचं का विचारलंस?"

ती काहीतरी म्हणाली.

"पण तू सात वर्षांची होतीस. अम्मीनं तुला सांगितलं होतं, अब्बा ड्युटीवर गेलेत. खलिफा सिटीला, मोठी साइट आहे म्हणून. तू मला फोनवर विचारायचीस, साइट संपली का."

या वेळी ती बराच वेळ बोलली. मुश्ताकभाईंनी फोन कानावर घट्ट दाबला. मग दुसरा हात डोळ्यांवर ठेवला. फोन कधी बंद झाला ते त्यांनाही कळलं नसावं.

अल नहदा येईपर्यंत मी विचारलं नाही. उतरताना त्यांनी स्वतःच सांगितलं.

"म्हणते, बेल वाजली तेव्हा अम्मी किचनमध्ये होती. अम्मीनं शिकवलं होतं, विचारल्याशिवाय उघडायचं नाही. म्हणते, दार मीच उघडलं, अब्बा, न विचारता. म्हणून ते तुम्हाला घेऊन गेले."